लसूण खाऊन काय होतं, आणि काय तपासायचं राहून जातं

दुपारचे साडेतीन वाजले होते. ऊन मी म्हणत होतं, लॅबमध्ये गर्दी नव्हती. तासगावकडचा एक पोरगा आला. सत्तावीस-अठ्ठावीसचा असेल. दंड टी-शर्टात मावत नव्हते, पण बाकावर बसला तो भिंतीकडं तोंड करून. टेस्टोस्टेरॉनची, म्हणजे पुरुषी हार्मोनची, तपासणी करायची म्हणाला. डॉक्टरांची चिठ्ठी नव्हती. ‘जेवलास का?’ विचारलं, तर ‘आत्ताच जेवून निघालोय’ म्हणाला. ही तपासणी सकाळी उपाशीपोटी करायची असते, उद्या लवकर ये, असं मी सांगितलं. ‘न्हाई मॅडम, आजच घ्या. कामावरनं सुट्टी घिऊन आलोय.’ घेतलं रक्त. दोन दिवसांनी रिपोर्ट न्यायला आला. आकडा खालच्या मर्यादेच्याही खाली होता. तो बराच वेळ कागदाकडं बघत राहिला. मग इकडंतिकडं बघून हळूच म्हणाला, ‘मॅडम, एक इचारू का? लसणानं ह्ये कमी हुतंय का वाढतंय?’

सांगली-मिरज पट्ट्यात मी वीस वर्षं रक्त काढण्याचं काम करते. हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला गेला असं नाही. गेल्या पाच-सहा वर्षांत तो फार वाढलाय. कुणी सांगतं, रोज सकाळी दोन पाकळ्या चावून खा, मर्दानगी वाढते. कुणी सांगतं, लसूण पुरुषाला मारक, हार्मोन खाली आणतो. मोबाईलवर दोन्ही सापडतं आणि दोन्हीखाली ‘शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय’ असं लिहिलेलं असतं. या प्रश्नाचं उत्तर मी नीट देणार आहे, कारण विचारणारा मनापासून विचारतो. पण लसणाच्या आडून जे विचारायचं राहून जातं, मला खरं बोलायचंय ते त्याबद्दल.

आधी लसणाचं. दोन्ही बाजूंना खरोखरचे प्रयोग आहेत, हवेतल्या गप्पा नाहीत. फक्त ते उंदरांवरचे आहेत. २००१ मध्ये जपानी संशोधकांनी उंदरांच्या खाद्यात ०.८ टक्के लसणाची पूड २८ दिवस मिसळली. त्या खाद्यात प्रथिनं किती, हेही त्यांनी कमीजास्त करून बघितलं. दुधातलं केसीन २५ किंवा ४० टक्के होतं, त्या गटांत लसूण खाणाऱ्या उंदरांच्या वृषणांमध्ये टेस्टोस्टेरॉन जास्त सापडलं. ‘लसूण वाढवतो’ म्हणणाऱ्यांचा आधार तो हा. मात्र ते वाढलं वृषणाच्या ऊतीत, आणि तेही खाद्यात प्रथिनं भरपूर होती तेव्हा.

दुसरा प्रयोग ट्युनिशियातला, २००८ च्या सुमाराचा. तिथं उंदरांना महिनाभर कच्चा लसूण दिला, खाद्याच्या ३० टक्क्यांपर्यंत. १० टक्के आणि त्यापुढच्या गटांत रक्तातलं टेस्टोस्टेरॉन उतरलं आणि शुक्राणू तयार करणाऱ्या नळ्यांनाही इजा झालेली दिसली. त्याच वेळी मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीतून येणारं एलएच नावाचं संप्रेरक मात्र वाढलेलं होतं. हे वाचताना मी थांबले, कारण असा रिपोर्ट आमच्याकडं माणसाचा आला तर त्याचा अर्थ ठरलेला असतो. वरून हुकूम येतोय, आणखी जोरात येतोय, पण खाली वृषणांचा कारखानाच थकलाय.

आता हा ३० टक्के लसूण आपल्या ताटात मोजून बघू. कोरडा शिधा धरला तर माणूस दिवसाला अर्धा किलोच्या आसपास खातो. त्याचे ३० टक्के म्हणजे दीडशे ग्रॅम लसूण. रोज. एका माणसानं. १० टक्के धरले तरी ५० ग्रॅम, म्हणजे दोनेक गड्डे, तेही कच्चे.

आपल्याकडं लसणाला तोटा नाही हे मान्य. सातारा-सांगलीत ‘चटणी’ म्हटलं की वर्षाची कांदा-लसूण चटणीच डोळ्यांसमोर येते. एप्रिल-मेमध्ये गल्लीत ठसका उठतो. मिरच्यांची देठं काढून वाळवायच्या, खोबरं-धणे-तीळ भाजायचे, कांदा तळून घ्यायचा, आणि मग डबे घेऊन डंकावर नंबर लावायचा. आमच्या घरी किलोभर मिरचीला पाव किलो लसूण पडतो. २०२४ ला लसूण किलोला चारशेच्या वर गेला त्या साली मीही हात आखडला होता. सगळी मिळून ही चटणी दोन-अडीच किलो भरते. माणशी दिवसाला दोन चमचे खाल्ली तरी त्यातून पोटात जाणारा लसूण ग्रॅम-सव्वा ग्रॅम. वर फोडणीतल्या चार पाकळ्या, खर्डा असेल तर आणखी दोन. झणझणीत खाणाऱ्या घरातसुद्धा माणसाला पाच-दहा ग्रॅमच्या पुढं जाणं अवघड. उंदरांना जिथं नुकसान झालं त्या मापापासून आपण लांब आहोत.

शिवाय आपण लसूण खातो तो बहुतेक शिजवून. अख्ख्या पाकळीला फार वास नसतो, हे लसूण सोलणाऱ्या प्रत्येकीला माहीत आहे. ती ठेचली की वास उठतो. पाकळीच्या पेशींत ॲलीन नावाचं द्रव्य एका कप्प्यात असतं आणि ते फोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम, दुसऱ्या कप्प्यात. खलबत्त्याचा घाव बसला की दोघांची गाठ पडते आणि ॲलिसिन तयार होतं. नाक भरतं ते त्यानं. तेलाच्या फोडणीत हे विकर लगेच निकामी होतं. कच्चा ठेचलेला लसूण, करपवून काढलेला लसूण आणि दुकानातली लसणाची गोळी ही औषधाच्या नजरेनं तीन वेगळी द्रव्यं आहेत. ‘लसूण खाल्ला की अमुक होतं’ असं सरसकट म्हणणारा माणूस कुठल्या लसणाबद्दल बोलतोय, हे आधी विचारावं.

तर, त्या पोराला मी जे सांगितलं तेच इथं लिहिते. आपण जेवणात खातो तेवढ्या लसणानं पुरुषाच्या रक्तातलं टेस्टोस्टेरॉन वाढतं किंवा घटतं, असं ठामपणे म्हणता येईल असा माणसांवरचा भक्कम पुरावा नाही. आवडतो तर खावा. सोडायचाही नाही आणि औषध म्हणून गिळायचाही नाही. रक्तदाब वाढलेल्यांना लसणानं थोडा उतार पडल्याचं माणसांवरच्या चाचण्यांत दिसलंय. रक्त पातळ ठेवण्याकडंही त्याचा कल आहे, आणि हे गुणाइतकंच जोखमीचं आहे. हृदयाची झडप बदललेले, रक्त गोठू न देणारं वॉरफरिन घेणारे रुग्ण आमच्याकडं महिन्याला आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते, तपासायला येतात. त्यांच्यापैकी कुणी मनानंच सकाळी कच्चा लसूण किंवा त्याच्या गोळ्या सुरू केल्या असतील, तर मी त्यांना डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घरी जाऊ देत नाही. ऑपरेशन ठरलेल्यांनीही लसणाच्या गोळ्यांचं भूलतज्ज्ञांच्या कानावर घालावं. भाजीतल्या लसणाची काळजी नको.

मग ही समजूत आली कुठून? ती मोबाईलनं आणलेली नाही, फार जुनी आहे. आयुर्वेदात लसणाला रसोन म्हणतात, सहा रसांपैकी एक आंबट रस उणा म्हणून रसोन. भावप्रकाश या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात त्याला बृंहण आणि वृष्य म्हटलंय, म्हणजे शरीर भरणारा आणि वीर्य वाढवणारा. १८९० मध्ये मध्य आशियातल्या कुचा इथं भूर्जपत्रावरची एक जुनी संस्कृत पोथी सापडली. तिची सुरुवातच लसणाच्या स्तुतीनं होते. अमृत चोरून पिणाऱ्या असुराचा विष्णूनं गळा कापला, त्याच्या रक्ताचे थेंब पडले तिथं लसूण उगवला, म्हणून ब्राह्मणांनी तो खायचा नाही, पण गुण अमृताचे, अशी ती गोष्ट. आणि ज्यांनी लसूण टाळला त्यांचं कारण काय? तेच. राजस-तामस, वासना चाळवणारा. माळकरी घरांत आजही अनेक जण लसूण वर्ज्य करतात. चातुर्मासात बंद ठेवणारी घरं आषाढातल्या कांदेनवमीला कांदा-लसणाचं पोटभर करून घेतात.

म्हणजे खाणारे आणि टाळणारे, दोघांचीही समजूत एकच होती. एकानं तीच गोष्ट गुण म्हणून घेतली, दुसऱ्यानं दोष म्हणून. इतकी माणसं इतकी वर्षं एकच गोष्ट मानत आली तर त्यात काहीतरी असेलच, असं एका वाचणाऱ्या, शिकलेल्या गृहस्थांनी मला ऐकवलं होतं. मी त्यांना कृष्णाकाठच्या जैन शेतकऱ्यांचं सांगितलं. आपल्या जिल्ह्यात पिढ्यान् पिढ्या ऊस, द्राक्षं, हळद पिकवणारी ही माणसं. त्यांच्यातल्या कडक पाळणाऱ्या घरांत कंद चालत नाहीत, लसणाची पाकळी उंबऱ्याच्या आत येत नाही. त्या घरांतले पुरुष पहाटे चारला पाणी पाजायला जातात, उसाच्या मोळ्या उचलतात, त्यांना पोरंबाळं होतात, नातवंडं होतात. हा काही शास्त्रीय प्रयोग नव्हे. पण लसणावर पुरुषपण उभं असतं तर हा फरक गावाला कधीच दिसला असता, इतकं तर साध्या डोळ्यांना कळतं.

टेस्टोस्टेरॉन कशानं हलतं, ते मात्र बऱ्यापैकी ठाऊक आहे. मेंदूतून हुकूम सुटतो, पीयूषिका तो एलएचच्या रूपानं रक्तात सोडते आणि वृषणातल्या पेशी कोलेस्टेरॉनपासून हे संप्रेरक बनवतात. पुरेसं झालं की रक्तातली पातळी मेंदूला सांगते, बस. हे चक्र दिवसभर सारखं चालत नाही. पहाटे-सकाळी पातळी वर असते, दुपारनंतर उतरते, जेवणानंतरही काही तास खाली येते. मोठ्या माणसाची पातळी साधारण ३०० ते १००० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर धरतात. दुपारी साडेतीनला, भरल्या पोटी दिलेल्या रक्तावरून कुणाला कमी ठरवणं चूक आहे. सकाळी उपाशीपोटी घ्यायचं, कमी आलं तर पुन्हा एका सकाळी घ्यायचं, आणि दोन्ही वेळा कमी आलं तरच पुढचा विचार. हे न सांगता पॅकेजमध्ये ही तपासणी घुसडून विकली जाते, आणि पोरं आकडा खिशात घेऊन रडकुंडीला येतात. आमच्या धंद्याबद्दलची ही तक्रार मी धंद्यात राहून करतेय.

झोपेचं घ्या. २०११ मध्ये अमेरिकेतल्या एका लहानशा अभ्यासात दहा निरोगी तरुणांना आठवडाभर रात्री पाचच तास झोपू दिलं. दिवसाचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी उतरलं. तरुण पोरं, धडधाकट, आणि एका आठवड्यात. आता आपल्या शिवारात बघा. शेतीची लाईट आठवडा-आठवडा रात्रपाळीनं येते. रात्री बाराला मोटर चालू करायची, बॅटरी घेऊन पाटाच्या कडेनं फिरायचं, सरी भरली की दारं मोडायचं, पहाटे चारला घरी येऊन अंग टाकायचं आणि सहाला धारेला उठायचं. गळीत हंगामात कारखान्याच्या पाळ्या, ऊसतोडीच्या बैलगाड्या, ट्रॅक्टर. झोप मोडलेला माणूस सकाळी लसणाच्या दोन पाकळ्या चावतो आणि ताकद येईल म्हणून वाट बघतो. त्याला दिवसाची वीज मिळाली तर त्याच्या शरीराला पाकळीपेक्षा नक्की जास्त मिळेल, असं मी बोलले तर हसू नका. दिवसा वीज हा पंपाचा प्रश्न आहे तसा आरोग्याचाही आहे.

दुसरं पोट. चरबीच्या पेशींत एक विकर असतं, ते टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करतं. ढेरी वाढली की हे काम वाढतं. टाइप दोनचा मधुमेह असलेल्या पुरुषांत पातळी कमी असणं नेहमीचं आहे. चाळिशीतला, पोट सुटलेला, साखर वाढलेला गडी ‘दम राहिला नाही’ म्हणत येतो, तेव्हा त्याची साखर आटोक्यात येणं आणि कमरेचा घेर कमी होणं हाच त्याचा पहिला उपचार असतो. दारूचंही तसंच. हे सगळं सांगितलं की समोरचा मान हलवतो आणि विचारतो, ‘पण खायाला काय सांगता?’

आणि आता तालीम. आपला हा मुलूख पैलवानांचा. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक मिळवलं, ते स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. कुंडलच्या मैदानाला आजही माणूस मावत नाही. तालमीतला खुराक मी घरात बघितलाय, माझे चुलते लाल मातीतले. बदाम रात्री भिजत घालायचे, पहाटे सोलून थंडाईत वाटायचे, दूध, तूप, मटणाचा रस्सा. ही सगळी ताकद वर्षांनी मोजायची. जोर-बैठकांची संख्या वस्ताद महिन्यामहिन्यानं वाढवत, आणि दुखलं तर तेलानं मालिश. कुणाला घाई नव्हती.

आता तालुक्याच्या प्रत्येक गावात जिम झाल्यात. तीन महिन्यांत दंड पाहिजे, लग्नाच्या फोटोत दिसला पाहिजे. मग कुणीतरी इंजेक्शन आणून देतो. ते टेस्टोस्टेरॉनच असतं, किंवा त्याच्या भाऊबंदांतलं. बाहेरून एवढं आलं की मेंदूला वाटतं, भरपूर आहे, आणि तो हुकूम द्यायचा बंद होतो. एलएच शून्याकडं जातं. वृषणं काम थांबवतात, आकसतात. शुक्राणू तयार होण्यासाठी वृषणाच्या आत जी पातळी लागते ती इंजेक्शननं मिळत नाही, ती आतल्याच कारखान्यातून यावी लागते. त्यामुळं बाहेरून दंड फुगतात आणि आत शुक्राणूंची संख्या घसरत शून्यावर येते. यात अतिशयोक्ती नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून दर आठवड्याला टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन देऊन चाचण्या घेतल्या होत्या, पहिल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष १९९० मध्ये आले आणि बहुतेक पुरुषांत शुक्राणू जवळजवळ नाहीसे झाले होते. गर्भनिरोधक म्हणून जे तपासलं गेलं तेच आमची पोरं मर्दानगी म्हणून टोचून घेतायत. सोडल्यावर कारखाना पुन्हा सुरू होतो बहुतेकांचा, पण महिने लागतात, कधी वर्षाच्या वर. आणि त्या मधल्या काळात रक्तातली पातळी तळाला असते, मन उदास असतं, उठावंसं वाटत नाही.

लसणाबद्दल ही पोरं मला मोकळेपणी विचारतात. इंजेक्शनबद्दल एकही आपणहून बोलत नाही.

याच गप्प बसण्याची किंमत दुसरंच कुणीतरी मोजतं, आणि माझा सगळा राग तिथं आहे. लग्नाला तीन-चार वर्षं झाली, मूल नाही. आधी येते ती सून. तिची थायरॉइड, तिची साखर, पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाची संप्रेरकं, मग सोनोग्राफी, मग गर्भाशयाच्या नळ्यांचा एक्स-रे, आणि तो दुखतो. एकीची तर दुर्बिणीची तपासणीही झाली होती. तिच्या फाईलला रबरबँड पुरत नव्हतं. मी फाईल चाळली, नवऱ्याचा एकही कागद नव्हता. सोबत सासूबाई होत्या. मी सहज म्हटलं, ‘मावशी, मुलाची तपासणी झाली का?’ त्या म्हणाल्या, ‘त्येला काय झालंय? माझा पोरगा रोज सकाळी दोन पाकळ्या लसूण खातोय, चांगला दुधा-तुपातला हाय.’ सून खाली बघत होती. तिच्या कोपराच्या खळीत सुयांचे डाग होते, एक निळा पडलेला, माझ्याच हातचा.

मूल न होणाऱ्या जोडप्यांत जवळपास निम्म्या ठिकाणी कारण पूर्णतः किंवा अंशतः पुरुषाकडचं असतं. हे आजचं ज्ञान नाही, वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत केव्हाचं आहे. त्याची पहिली तपासणी वीर्याची. दोन ते सात दिवस संबंध टाळायचा, नमुना द्यायचा, तासाभरात सूक्ष्मदर्शकाखाली संख्या, हालचाल, आकार बघितला जातो. सुई नाही, भूल नाही, खर्च काही शेकड्यांत. तिच्या नळ्यांच्या एक्स-रेच्या तुलनेत काहीच नाही. तरी ती शेवटी होते, किंवा होतच नाही. आणि टेस्टोस्टेरॉनचा आकडा चांगला आला म्हणून शुक्राणू चांगले असतीलच असंही नाही. दाढीमिशा, आवाज, ताकद सगळं व्यवस्थित आणि नमुन्यात शुक्राणू शून्य, असे गडी मी बघितलेत. वाहून आणणारी नळी बंद असू शकते. वृषणाच्या शिरा फुगलेल्या असू शकतात, हे तर शंभरात पंधरा पुरुषांना असतं, आणि काहींना साध्या शस्त्रक्रियेनं फरक पडतो. लसणानं यातलं काहीच हलत नाही.

मला कुणी म्हणेल, खाऊ दे की लसूण, काय बिघडतंय? स्वस्त आहे, अपाय नाही, मनाला आधार वाटतो. एकट्या माणसाचं असतं तर मीही हे मान्य केलं असतं. पण इथं प्रत्येक पाकळीबरोबर वेळ जातो. एक शुक्राणू तयार व्हायला सत्तर-पंचाहत्तर दिवस लागतात, म्हणून घरातले ‘तीन महिने खाऊन बघू’ म्हणतात. तीनाचे सहा होतात, सहाचं वर्ष. बायकोचं वय थांबत नाही. पस्तिशीनंतर तिच्या शक्यता भराभर उतरतात, आणि मग पुन्हा दोष तिच्याच पदरात. लसणानं अपाय होत नाही तो खाणाऱ्याला. घरात दुसरंही कुणीतरी आहे.

आणि लसूण काही काळानं पुरेसा वाटत नाही, तेव्हा पुढची पायरी येते. एसटी स्टँडच्या मागच्या भिंतींवर रंगवलेले नंबर तुम्ही बघितले असतील. लैंगिक ताकद वाढवण्याचा दावा करणारी जाहिरात १९५४ च्या औषधे आणि जादूचे उपाय कायद्यानं बंद आहे. सत्तर वर्षं झाली त्याला. भिंती रंगतातच. ‘शुद्ध वनस्पती’ म्हणून विकलेल्या असल्या चूर्णांत आणि कॅप्सूलमध्ये सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं औषध, मिसळल्याचं देशोदेशीच्या औषध तपासण्यांत सापडलंय. हृदयविकारासाठी जिभेखालची नायट्रेटची गोळी घेणाऱ्यानं हे अजाणता घेतलं, तर रक्तदाब इतका कोसळतो की माणूस दगावू शकतो. घरी सांगायची लाज, म्हणून डॉक्टरांनाही कळत नाही की त्यानं काय खाल्लं होतं.

म्हणून माझं म्हणणं असं की हा खासगी विषय राहिलेला नाही. आशाताई घरोघर जातात, पण बोलतात बायकांशी. कुटुंबकल्याणाच्या शिबिरात टाके पडतात ते बायकांच्या पोटावर. मूल होत नाही म्हणून ग्रामीण रुग्णालयात केसपेपर निघाला की तो तिच्या नावाचा असतो. हा केसपेपर दोघांच्या नावानं निघाला पाहिजे, आणि नवऱ्याची वीर्यतपासणी झाल्याशिवाय बायकोच्या एकाही दुखऱ्या तपासणीला हात लावू नये, असा साधा नियम प्रत्येक सरकारी आणि खासगी दवाखान्यानं पाळावा. त्याला वेगळा निधी लागत नाही. सूक्ष्मदर्शक आहे, काच आहे, तपासणारी माणसं आहेत. एक दार लावता येईल अशी खोली पाहिजे, जिथं बाहेरच्या बाकावरचे दहा जण टक लावून बघत नाहीत. तेवढीही आज बऱ्याच ठिकाणी नाही, आणि ‘संडासात जाऊन आणा’ म्हणून बाटली हातात दिली की पुरुष परत येत नाहीत. त्यांच्या लाजेलाही आपण जागा द्यायला हवी. तालमीच्या वस्तादांनी आणि जिम चालवणाऱ्यांनी इंजेक्शनबद्दल पोरांशी बोलायला हवं. माझ्यासारख्या बाईनं टेबलाच्या अलीकडून सांगून जे कानावरून जातं, ते वस्तादाच्या तोंडून ऐकलं तर पोरगा ऐकतो.

तो तासगावकडचा पोरगा चार दिवसांनी पुन्हा आला. सकाळी साडेसातला, उपाशीपोटी, मी सांगितलं होतं तसा. रिपोर्ट पुन्हा कमीच आला, जवळपास तितकाच. मग मी त्याला आतल्या खोलीत बसवलं, दार ओढून घेतलं आणि सरळ विचारलं, ‘इंजेक्शन किती महिने घेतलंस?’ तो फरशीकडं बघत राहिला. बाहेर कुणीतरी नंबर पुकारत होतं. ‘चार म्हैनं,’ म्हणाला. ‘दिवाळीच्या टायमाला सोडलं.’ औषधाचं नाव त्याला नीट सांगता येईना, मोबाईलमध्ये बाटलीचा फोटो होता तो दाखवला. मी ते नाव अक्षर-अक्षर जुळवून चिठ्ठीवर लिहिलं, खाली एलएच, त्याच्या जोडीचं संप्रेरक एफएसएच आणि वीर्यतपासणी लिहिली, आणि मिरजेतल्या कुठल्या डॉक्टरांना भेटायचं ते सांगितलं. जाशील का, विचारलं. जातो म्हणाला.

उठला, दारापर्यंत गेला आणि मागं वळला. वैशाखात लग्न ठरलंय म्हणाला. ‘मॅडम, ह्ये घरात सांगाय लागंल का?’

मी म्हटलं, ‘घरात नंतर सांग. जिच्याशी ठरलंय, तिला आधी सांग.’